'पहेली'तील लच्छी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला "दहा मिनिटे काहीतरी बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. भाषण करणाऱ्या बायका निराळ्या असतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावची शाळा तिथवरच होती आणि हायस्कूल खाडीपलीकडे. मुलीला रोज तरीतून कोण पाठवणार? त्यामुळे माझ्या बोलण्यात उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्या. पण आज बोलावेसे वाटले त्याला कारण घडले आहे, आणि ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात आपण मंडळाच्या सभागृहात 'पहेली' हा हिंदी चित्रपट पाहिला. तास-दोन तास बायका एकत्र बसतील, चहा घेतील आणि घरी जातील, एवढीच कल्पना होती. झाले भलतेच. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, गिरणीत दळण टाकताना, जिथे तिथे तोच विषय. लच्छीने केले ते बरोबर की चूक? दोन जिवाभावाच्या मैत्रिणींनी आठ दिवस एकमेकींशी बोलणे टाकले होते. आणि आपल्या एका वडील भगिनींनी कार्यकारिणीला चिठ्ठी लिहून दिली आहे, की असले चित्रपट यापुढे मंडळात दाखवू नयेत, घरात वयात आलेल्या मुली आहेत. ती चिठ्ठी येत्या सभेत विचाराला येणार आहे. त्या भगिनींविषयी मला मान आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच डिंकाचे लाडू करून दिले. त्यामुळे मी त्यांच्याशी भांडायला उभी नाही. पण सभेत हात वर करून मत देण्याआधी या गोष्टीचा चार अंगांनी विचार व्हावा, असे मला वाटते.

ज्या भगिनी त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी कथा सांगते. राजस्थानातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचे, किशनलालचे, लच्छीशी लग्न होते. वरात परतताना वाटेत विसाव्याला थांबते. त्या जागी एक भूत राहत असते. ते नव्या नवरीला पाहते आणि तिच्या प्रेमात पडते. इकडे घरी आल्यावर पहिल्या रात्री नवरा काय करतो, तर वही उघडून लग्नाच्या खर्चाचा हिशेब मांडीत बसतो. दुसऱ्या दिवशी व्यापारासाठी परगावी निघायचे, वडिलांनी मुहूर्त काढलेला. पाच वर्षांनी परत यायचे. मग आता माया लावून काय उपयोग, असा त्याचा विचार. तो निघून जातो. वाटेत ते भूत त्याला गाठून सगळी माहिती काढून घेते, त्याचेच रूप घेते आणि घरी येते. सासरेबुवांना सांगते की एका साधूने मला वर दिला, रोज सकाळी पाच मोहरा मिळतील. सासरेबुवा खूष! मुलगा व्यापार सोडून का आला, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही. रोज पाच मोहरा येत असल्या म्हणजे कोणाला कसली शंका येत नाही, हे त्या चित्रपटाने फार गमतीने दाखवले आहे.

पण लच्छीच्या खोलीत गेल्यावर भुताला खोटे बोलवत नाही. ते तिला खरे सांगून टाकते, की मी तुझा नवरा नव्हे, मी भूत आहे, त्याचे रूप घेऊन आलो आहे. आता तू म्हणशील तसे. लच्छी विचार करते आणि त्याला राहू देते. चार वर्षे संसार होतो, तिला दिवस जातात, ती बातमी परगावी खऱ्या किशनलालच्या कानी जाते आणि तो धावत घरी येतो. आता दारात दोन किशनलाल. निवाड्यासाठी राजाकडे निघाले असता वाटेत एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो म्हणतो, राजाकडे कशाला, मीच न्याय करतो. हातात निखारे धरायला लावतो, मेंढरे गोळा करायला लावतो, आणि शेवटी म्हणतो की जो खरा असेल त्याने माझ्या या कातडी पखालीत शिरून दाखवावे. माणूस कसा शिरणार? भूत शिरते, मेंढपाळ तोंड बांधून टाकतो. झाला निवाडा. पुढे शेवटी काय होते ते मागाहून सांगते, कारण माझे खरे भांडण त्या शेवटाशीच आहे.

शाहरुख खान दोन्ही भूमिकांत आहे, भूतही तोच आणि नवराही तोच. लच्छी झाली आहे राणी मुखर्जी. सासरा अनुपम खेर, मेंढपाळ अमिताभ बच्चन. गोष्ट सांगायला दोन कठपुतळ्या आहेत, त्यांना आवाज नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक यांचे. गुलजारांची गाणी, एम. एम. क्रीम यांचे संगीत. 'धीरे जलना' या गाण्यासाठी श्रेया घोषालला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंग तर असे की आमच्या शेजारच्या काकू चित्रपट संपल्यावर कथेबद्दल अवाक्षर न बोलता लच्छीच्या ओढण्यांबद्दलच बोलत होत्या. २००५ सालच्या जूनमध्ये हा चित्रपट लागला आणि त्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे हाच पाठवला होता. तिकडे पुढे काही मिळाले नाही. आणि दिग्दर्शक आपले मराठी, अमोल पालेकर. 'छोटी सी बात' आणि 'गोलमाल'मधले ते साधेभोळे अमोल पालेकर आपल्याला ठाऊक असतात. पण त्यांनी १९९५ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरून 'बनगरवाडी' केला, २००१ साली र. धों. कर्व्यांवर 'ध्यासपर्व' केला, हे पुष्कळजणींना माहीत नसते. 'बनगरवाडी'तही धनगर आणि 'पहेली'तही शहाणपण मेंढपाळाच्याच तोंडी, हा माझा उगाच जुळवलेला योगायोग!

ही गोष्ट पालेकरांनी काही मनाने रचलेली नाही. जोधपूर जिल्ह्यात बोरुंदा म्हणून गाव आहे. तिथे विजयदान देथा म्हणून लेखक राहत, २०१३ साली ते वारले. गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी राजस्थानी भाषेत आपल्या पद्धतीने लिहून काढल्या, 'बातां री फुलवाडी' या नावाने चौदा खंड झाले. १९७४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, राजस्थानीसाठी. त्यांतलीच ही 'दुविधा' नावाची कथा. म्हणजे शहरातल्या कोणी नव्या विचाराच्या बाईने खोलीत बसून काढलेली ही गोष्ट नव्हे. विहिरीवर, चुलीपाशी, आपल्यासारख्याच बायकांमध्ये फिरत आलेली गोष्ट आहे. ज्या बायकांना डोक्यावरचा पदर खाली घेता येत नव्हता, त्यांनीच ही एकमेकींना सांगितली असणार. आता असे पाहा, त्यांना ती सांगावीशी का वाटली?

मारवाडातले व्यापारी परमुलखात जात, कलकत्त्याला, मुंबईला, आपल्या महाराष्ट्रातही गावोगाव. आपल्याकडे कुठल्याही बाजारपेठेत मारवाड्याचे जुने दुकान असतेच. दुकान आपण पाहतो. त्या दुकानदाराची बायको तिकडे वाळवंटात मोठ्या वाड्यात दिवस मोजीत बसली असेल, हे आपल्या मनात कधी आले नाही. माझ्या तरी आले नव्हते. आणि हे मारवाड्यांचेच आहे असेही नाही. आम्हा कोकणातल्या बायकांना हे कोणी शिकवायला नको. नवरा मुंबईत चाकरमानी, गिरणीत, दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बाराजणांत आळीपाळीने झोपणारा. बायको गावी. गणपतीला आणि शिमग्याला भेट. बाकी मनीऑर्डर. पोस्टमन दिसला की वाडीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहत. आणि मनीऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी असत, त्यांत 'म्हशीची काळजी घ्यावी' असेही असे. बायकोची काळजी घ्यावी असे कोणी लिहिल्याचे माझ्या आईला आठवत नाही.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप असा की भुताखेतांचे चित्रपट दाखवून मंडळ अंधश्रद्धा वाढवते. हा आक्षेप घेणाऱ्या बहुतेक तरुण मुली आहेत, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ज्यासाठी २०१३ साली खून झाला, त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणे हा आता गुन्हा आहे. ते योग्यच झाले. का योग्य झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी लहान असताना आमच्या शेजारच्या वाडीत एक नवी सून होती. लग्न होऊन नवरा पंधरा दिवसांत मुंबईला गेला. पुढे तिचे बोलणे बंद झाले. मग एकदम ओरडायची, केस सोडून बसायची. सगळे म्हणाले, हिला झाड लागले. पिंपळाखालून भरल्या ओटीने गेली होती, तिथलाच कोणी धरून बसला. भगत आणला. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून हलवले. आम्ही पोरे दाराच्या फटीतून पाहत होतो. भगत मोठ्याने विचारत होता, "कोण तू? कुठून आलास? काय पाहिजे तुला? नारळ पाहिजे? कोंबडा पाहिजे?" भुताला काय पाहिजे ते त्याने दहा वेळा विचारले. त्या पोरीला काय पाहिजे ते घरात कोणी एकदाही विचारले नाही, ना भगताने, ना सासूने, ना तिच्या माहेरून आलेल्या भावाने. कोंबडा दिला. पुढे तिला माहेरी नेऊन ठेवले.

'पहेली' बघताना मला तीच पोर दिसत होती. तिकडे भगत भुताला विचारतो आणि इकडे भूतच बाईला विचारते. सगळी गोष्ट अशी उलटी करून ठेवली आहे. लच्छीच्या वडिलांनी तिला विचारले नाही, सासऱ्याने मुहूर्त काढताना विचारले नाही, नवऱ्याने तर वहीवरून मान वर केली नाही. पहिल्यांदा विचारले ते कोणी, तर झाडावरच्या भुताने. म्हणून माझ्या तरुण मैत्रिणींना सांगते, हा चित्रपट भुतांवर विश्वास ठेवायला शिकवीत नाही. भुताचे निमित्त आहे. माणसांनी जे करायला हवे होते ते त्या बिचाऱ्या बाईंना गोष्टीत भुताकडून करवून घ्यावे लागले, कारण माणूस असे करील हे ऐकणाऱ्या बायकांना खरेच वाटले नसते! (घरी जाऊन मी आमच्या मालकांना विचारले, की तुमच्या रूपात भूत आले तर मी कसे ओळखायचे? ते म्हणाले, "न सांगता दळण आणून देईल तो भूत समज.")

दुसरा आक्षेप जड आहे आणि चिठ्ठीतलाही तोच आहे. भुताने फसवले असते तर लच्छी निर्दोष होती. पण त्याने सांगितले, तिला कळले, आणि तरी तिने त्याला ठेवून घेतले. हे पाप कसे नव्हे?

यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या पुराणांत नवऱ्याचे रूप घेऊन येणाऱ्याच्या गोष्टी काही कमी नाहीत. इंद्र गौतम ऋषींचे रूप घेऊन अहल्येकडे आला. वाल्मीकींच्या रामायणात तर अहल्येने त्याला ओळखले होते असे आहे; पुढच्या कीर्तनकारांनी ती फसली असे सांगितले, कारण ते ऐकायला बरे वाटते. शाप दोघांनाही झाला, पण रामाच्या येण्याची वाट बघत पडून राहिली ती अहल्या, आणि इंद्र आपला पुन्हा स्वर्गात. तरी त्याच अहल्येचे नाव पंचकन्यांत सकाळी घ्यायचे असते. आणि दुसरी गोष्ट तर आपण दर कार्तिकात साजरी करतो. जालंधर दैत्य मरत नव्हता, कारण त्याची बायको वृंदा पतिव्रता. तेव्हा विष्णूने जालंधराचे रूप घेतले आणि तिचे पातिव्रत्य मोडले. तिने शाप दिला, देह ठेवला, आणि तिची तुळस झाली. त्या तुळशीचे लग्न आपण ऊस, चिंचा, आवळे घालून, मंगलाष्टका म्हणून, मुलाबाळांना अक्षता वाटून लावतो. मीही लावते, आणि लावीत राहीन. पण त्या वेळी कोणी चिठ्ठी दिली नाही, की वयात आलेल्या मुलींसमोर ही गोष्ट सांगू नये. देवाने न सांगता केले ते आपल्याला चालते. भुताने सांगून केले त्याचा मात्र राग येतो. हे मला उमगत नाही, आणि देवाचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही हे चिठ्ठी देणाऱ्या भगिनींनाही ठाऊक आहे.

तर मग लच्छीने केले ते बरोबर का? मैत्रिणींनो, मी असे म्हणणार नाही की नवरा परगावी गेला म्हणजे बाईने दुसरे घर बघावे. तसे असते तर अर्धे कोकण ओस पडले असते. माझी आई राहिली, माझी सासू राहिली. आपल्यांतही काही भगिनी आहेत ज्यांचे यजमान आज दुबई-मस्कतला आहेत, दोन दोन वर्षांनी येतात. त्या घर सांभाळतात, मुलांचा अभ्यास घेतात, सासऱ्यांना दवाखान्यात नेतात, आणि संध्याकाळी मोबाईलवर हसून बोलतात. त्यांना या वादात ओढायचे नाही. पण एक लक्षात घ्या. लच्छीला नवऱ्याने 'थांबशील का?' असेसुद्धा विचारले नव्हते. विचारून ठेवलेली वाट आणि न विचारता ठेवलेली वाट यांत फरक आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसे तिचे झाले होते. नवरा हातही लावीत नाही आणि मोकळेही करीत नाही. जाणाऱ्याला अडवणे तिच्या हाती नव्हते. येणाऱ्याला होय की नाही म्हणणे एवढेच तिच्या हाती आले, तेही पहिल्यांदा. त्याचे तिने काय केले ते तुम्हांला पटो न पटो. 'पदरी पडले पवित्र झाले' असे आपण म्हणतो. तिने पदर पसरायचा की नाही हे तरी स्वतः ठरवले.

या चित्रपटात आणखी एक बाई आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलले नाही. लच्छीची मोठी जाऊ, गजरोबाई. ती भूमिका जुही चावलाने केली आहे. तिचा नवरा उंटांच्या शर्यतीत हरला आणि त्या लाजेपायी घर सोडून गेला. ती मूल घेऊन सासरी राहते. रडत नाही, कोणाला दोष देत नाही, कामे करते. तिच्याकडे कोणी भूत आले नाही. भूत पुढे आपल्या जादूने तिच्या नवऱ्याला शर्यत जिंकून देते आणि घरी आणते, हे खरे. म्हणजे तिच्या वाट्याला सुख आले तेही जावेच्या भुताच्या कृपेने! मला विचाराल तर लच्छीपेक्षा मला तिच्याकडेच पाहावेसे वाटत होते. आपल्यांत लच्छी किती असतील ते देव जाणे, गजरोबाई मात्र घरोघर आहेत.

आता शेवट. चित्रपटात असे होते की भूत पखालीत बांधले गेले, लच्छी दुःखाने वेडीपिशी झाली, आणि रात्री नवरा खोलीत येतो तेव्हा तिला खूण पटते की हा तोच आहे. भूत पखालीतून निसटून किशनलालच्या शरीरात शिरले आहे. आता आत भूत आणि बाहेर नवरा, लोकांपुढेही सगळे ठीक. सभागृहात त्या वेळी टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण घरी जाताना मला एकदम वाटले, अहो, मग खरा किशनलाल कुठे गेला?

हा विचार कोणी केला नाही. त्या पोराचा अपराध काय? बापाची आज्ञा मोडली नाही एवढाच. तोही पाच वर्षांसाठी अनोळखी गावी गेला, दुकानात बसला, पैसा साठवला. कोणासाठी? परत येतो तर दारात आपलेच रूप उभे. आणि शेवटी त्याचे शरीरसुद्धा त्याचे राहत नाही. चित्रपटाने त्याची विचारपूस केली नाही. जिला कोणी विचारले नाही तिची गोष्ट सांगता सांगता त्याला विचारायचे राहून गेले.

मला हे का लागले ते सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत होते. वर्षभर वाट पाहिली, मग बोचके बांधून गावी आले. मी पाच-सहा वर्षांची असेन. तोवर ते मला गणपतीतले पाहुणे म्हणूनच ठाऊक होते. आले त्या संध्याकाळी घरच्या कुत्र्याने त्यांच्यावर भुंकून आळी जागी केली. आईने कुत्र्याला ओरडून गप्प केले, पण वडील बराच वेळ खळ्यात तसेच उभे राहिले. पुढे कितीतरी दिवस आई त्यांना पान वाढून दारामागे उभी राही, परक्याला वाढावे तशी. अकरा वर्षे तिने शेत, गुरे, सासू हे सगळे एकटीने पाहिले होते. बांध कुठे घालायचा हे तिला कळत होते, त्यांना नव्हते. ते एखादी गोष्ट विचारत तर ती चिडे, आणि न विचारता काही केले तर आणखी चिडे. दोघेही चांगली माणसे. पण ओळखच नव्हती. ती व्हायला वर्षे गेली. नंतर नंतर संध्याकाळी दोघे पडवीत बसून विडा कुटीत, तेव्हा आम्हां भावंडांना हायसे वाटे.

म्हणून मला वाटते की खऱ्या किशनलालला घरी येऊ द्यायला हवे होते. त्याला कळायला हवे होते की आपण नसताना इथे काय झाले, आणि लच्छीला समोर बसून ऐकावे लागायला हवे होते की त्याचे तिकडे काय झाले. मग ठरवायचे ते ठरवावे. भुताला अंगात घालून टाकले म्हणजे तो प्रश्नच मिटतो. पाहताना गोड वाटते. पण जादूनेच सोडवायचे तर कोडे घातले कशाला?

मेंढपाळाच्या निवाड्याबद्दलही माझी तक्रार आहे. अमिताभ बच्चन आले म्हणून सगळ्या खूष झाल्या, पण नीट बघा. वाटेत सगळे पुरुषच आहेत. निखारे कोणी धरायचे, मेंढरे कोणी गोळा करायची, पखालीत कोणी शिरायचे, सगळे पुरुषांच्यातच चालले आहे. जिच्यासाठी हा खटाटोप, ती घरी बाळंतिणीच्या खोलीत. एक माणूस परत धाडून तिला विचारले असते तर निखारे हातात धरावे लागले नसते. ती खरे सांगती की नाही ही पुढची गोष्ट. पण विचारायचे कोणाला सुचलेच नाही, त्या शहाण्या म्हाताऱ्यालासुद्धा.

देथांच्या मूळ कथेत असा गोड शेवट नाही. तिथे भूत पखालीत बांधले जाते ते कायमचेच. लच्छी मुलीला जन्म देते आणि त्याच घरात, त्याच नवऱ्याजवळ राहते. १९७३ साली मणि कौल यांनी याच कथेवर 'दुविधा' नावाचा चित्रपट काढला होता, बोरुंदा गावातच. रईसा पदमसी त्यात नवरी झाली आहे. तो संथ आहे, गाणी-नाच नाहीत, माणसे फार थोडे बोलतात. माझ्या भाच्याने मला तो आणून दाखवला. अर्ध्या तासाने मला वाटले की उठावे आणि भाकऱ्या थापाव्यात. पण उठले नाही. वरात गाडीतून चालली आहे, नवरीला वाटेतली रानातली फळे खावीशी वाटतात आणि नवऱ्याला ते गावंढळ वाटते, एवढा साधा प्रसंग. पण ते फळ हवेसे वाटणाऱ्या मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. आणि शेवट पाहून टाळ्या वाजवाव्यात असे मुळीच वाटत नाही. 'पहेली'चे भूत हसवते, रमवते. 'दुविधा' संपल्यावर मी भाच्याशी रात्री जेवेपर्यंत बोलले नाही.

चिठ्ठीतला शेवटचा मुद्दा वयात आलेल्या मुलींचा. माझीही मुलगी एकोणीस वर्षांची आहे. ती त्या दिवशी माझ्याशेजारी बसली होती. चित्रपट संपल्यावर तिने मला एकच विचारले, "आई, तुला दाखवायला आले होते तेव्हा कोणी विचारले होते का, पसंत आहे का म्हणून?" मी म्हटले, मामाने विचारले होते, पण पत्रिका छापून झाल्यावर. ती हसली आणि मीही हसले. पण पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी एक स्थळ सांगून आले, तेव्हा तिच्या वडिलांनी मुलाकडच्यांना होकार-नकार काही न कळवता आधी तिला बोलावले आणि खुर्ची पुढे करून बसवले. तिने दोन दिवस मागितले. ते मिळाले. असला चित्रपट पाहून मुली बिघडतात असे ज्यांना वाटते, त्यांना एवढेच सांगते की आमच्या घरी हे असे झाले.

आता सभेबद्दल. चिठ्ठीवर मतदान व्हायचे ते होईल, आणि बहुमत जे म्हणेल ते मी मानीन. माझी सूचना अशी आहे की मतदानाआधी एकदा 'दुविधा'ही सर्वांनी मिळून पाहावा, म्हणजे ज्यांना 'पहेली'चा शेवट पटला नाही त्यांना दुसरा शेवट पाहता येईल, आणि ज्यांना पहिलाच पटला त्यांनाही. चिठ्ठी देणाऱ्या भगिनींनी त्या दिवशी पुढच्या रांगेत बसावे अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. कार्यवाहबाईंची परवानगी मिळाली आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन वाजता. गेल्या वेळी सतरंज्या पुरल्या नव्हत्या, तेव्हा प्रत्येकीने घरून एकेक चटई आणावी.